तुळजाजीरावांची मासेखोली

"तूं मासे खातेस?" हा तुळजाजीरावांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याला दुसरं उत्तर असू शकतं हेच कुणाला माहीत नसतं. पण २००३ चा मे महिना होता, पश्चिम तांबरममध्ये मी अकरा घरं पाहून थकले होते, बाराव्या घराच्या पाटीवर मराठी नाव दिसलं होतं आणि आमच्या कार कंपनीची बस थेट कोपऱ्यावर थांबत होती. मी डोळ्याला डोळा भिडवून "नाही" म्हणाले.

"बरें जाहलें. आंत साठ आहेत, त्यांना वास येतो," ते म्हणाले आणि गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तुळजाजीरावांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले, आणि त्यांचं मराठी तेव्हापासून तिथंच मुक्कामाला राहिलं. त्यावर तमिळची फोडणी. पहिला महिनाभर मी मान डोलवून वेळ मारून नेत असे. घरात मटण चालायचं, कोंबडी चालायची; मासे मात्र चार वर्षांपासून बंद. ज्यांच्याशी रोज संध्याकाळी बोलायचं त्यांच्या नातलगांना कसं खायचं, असा त्यांचा मुद्दा होता. मी रविवारी अड्यारच्या एका हॉटेलात जाऊन माझी सोय करून येत असे आणि येताना बडीशेप खाऊन येत असे.

ते नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात कॉम्प्युटर आले, पोरं पडद्यावर रेघा ओढायला लागली, पण यांनी ड्रॉइंग बोर्ड सोडला नाही. शेवटी साहेबांनी बोर्डासकट त्यांना खिडकीजवळचा कोपरा देऊन टाकला. घरीसुद्धा कुठलीही गोष्ट कागदावर तीन बाजूंनी काढल्याशिवाय व्हायची नाही. नवरात्रात बाहुल्या मांडायच्या गोलूच्या पायऱ्या असोत की वाळवणाची काठी असो, आधी प्लॅन, मग एलेव्हेशन, मग सेक्शन.

मासेखोली अशीच कागदावर जन्मली. मुलगा उदयसिंह नोकरीला अमेरिकेत गेला आणि त्याची खोली रिकामी पडली. त्यांच्या बायकोचं, सकवारकाकूंचं म्हणणं, पोरगा येईल तेव्हा झोपेल कुठे. काकांचं म्हणणं, वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी साडेतीनशे दिवस एक खाट सांभाळायची म्हणजे काय. तीन महिने बोलाचाली झाल्यावर काकांनी खोलीची तीन ड्रॉइंगं काढली. लोखंडी अँगलची तीन मजली मांडणी, अकरा टाक्या, सगळ्यांना हवा पुरवणारा एकच पंप, जमिनीला मोरीकडे उतार. कोपऱ्यात मंजुरीसाठी चौकट. काकूंनी त्या चौकटीत सही केली, पण वर स्वतः सांगून एक टीप लिहून घेतली: घरच्या पाण्यातला एक थेंबही वापरू नये, वापरल्यास खोली त्याच दिवशी रिकामी करावी.

मी आले तोवर चेन्नईत ही टीप म्हणजे फाशीची शिक्षा झाली होती. दोन वर्षं पाऊस नीट झालेला नव्हता. बोअरला यायचं ते करंगळीएवढं आणि खारट. आमच्या सहा बिऱ्हाडांच्या बिल्डिंगसाठी तिसऱ्या दिवशी पाण्याची लॉरी यायची, ती जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, पाणी ओतायची आणि मग घरटी आठ कुडम. कुडम म्हणजे ते रंगीत प्लास्टिकचे घडे. संपच्या झाकणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली दर महिन्याला एकेका घरी फिरायची.

यावर काकांनी जो तोडगा काढला त्याला तोड नाही. ऑफिसातल्या एसीतून दिवसभर थेंब थेंब पाणी गळायचं. ते त्यांनी कॅनमध्ये धरायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेऊन ते नुंगंबाक्कमला गाडीत चढायचे आणि तांबरमला उतरायचे. घरी ते पाणी कोळशातून गाळून निळ्या पिंपात साठवायचं. मासे त्यावर खूश, कारण ते पाणी मऊ. ऑफिसात त्यांचं नाव 'तण्णी राव' पडलं, म्हणजे पाणी राव. त्यांना त्यात टोचण्यासारखं काही दिसलं नाही.

एवढ्या खटपटीचं मूळ कारण म्हणजे डिस्कसची एक जोडी. बशीएवढा गोल, चपटा मासा. निळ्या रेघा, लाल डोळे, आणि नखरे एखाद्या संस्थानिकाचे. पाणी जरा जड झालं की खाणं बंद. या जोडीची पिल्लं वाढवायची हे काकांचं एकमेव स्वप्न होतं. "हीं पिल्लें आईबापाच्या अंगावरचं खातात, ठाव आहे?" ते मला सांगत. "कातडींतनं दुधासारखं येतं. माशाला. बापालासुद्धां." दोनदा अंडी झाली होती आणि दोन्ही वेळा आईबापांनीच ती फस्त केली होती. त्या दोन्ही दिवशी काका जेवले नव्हते.

काकू या सगळ्याकडे नाक मुरडून पाहायच्या. "घरांत तळें बांधलें यांनी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मासेखोलीचं दार उघडं राहिलं तर त्या ते पायाने ढकलून लावायच्या. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून पुढे जे झालं त्याला मी मुळीच तयार नव्हते.

काकांचं दुसरं व्यसन चंद्र. बर्मा बाजारातून घेतलेला जुना रशियन कॅमेरा, त्याला डब्यासारखी मोठी लेन्स, आणि माझ्या खोलीसमोरची गच्ची. मासे फोटोला स्थिर राहत नाहीत म्हणून ते चंद्राकडे वळले, तर चंद्रही पळतो हे त्यांना त्या लेन्समधून कळलं. पहिले तीन रोल आले ते भाजलेल्या पापडासारखे, पांढरे आणि सपाट. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आकाश काळं असलं तरी चंद्र हा उन्हात पडलेला दगड आहे, आणि त्याचा फोटो दुपारच्या तांबरम स्टेशनच्या फोटोसारखाच झटकन काढायचा असतो. त्यानंतर खड्डे न् खड्डे दिसायला लागले.

ऑफिसातून पावणेसातला घरी आलं की पश्चिमेला आयती सापडते ती चवथीची कोर. म्हणून त्यांनी एका कागदावर बारा चौकोन आखले, बारा महिन्यांच्या बारा कोरींसाठी. अकरा भरले. राहिला भाद्रपद.

आता भाद्रपदातल्या चवथीचा, गणेशचतुर्थीचा, चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो हे वेंगुर्ल्यापासून तंजावरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंनी आठवडाभर आधीच बजावलं.

"पाहूं नये म्हणून आहे," काका म्हणाले. "फोटो काढूं नये म्हणून कोठें आहे?"

"आणि फोटो पाहिल्यावर?"

"तो फोटो पाहणं जाहलें. चंद्र नव्हे."

मला वाटतं माणूस ड्राफ्ट्समन असला की वकील वेगळा लागत नाही. आदल्या दिवशीच्या तृतीयेला त्यांनी कोन मोजले, कठड्यावर खडूने खुणा केल्या, दोरे ताणले. २००४ च्या गणेशचतुर्थीला, मोदक खाऊन, ते पावणेसातला चंद्राकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि हाताने लांब वायरचं बटण दाबायला लागले. फोटोत चंद्र येतोय का आकाश, हे सांगायला त्यांनी मला बोलावलं. मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मला बढती हवी होती, आळ नको होता.

चार फोटो झाले असतील नसतील, तोच खालून काकूंची हाक आली. "अहो, या वेगीं! तुमच्या त्या बशा टाकींतल्या मडक्यावर अंडीं घालतात."

काका ताडकन उठले, वळले, आणि समोर चंद्र. अगदी नीट, खुणेच्या जागी.

मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. खाली धावताना ते मला म्हणाले, "पाहिला गे. पुरा पाहिला."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्याकडचा उपाय सांगितला. चवथीचा चंद्र दिसला की शेजाऱ्याच्या छपरावर दगड टाकायचे. शेजारी शिव्या देतो, आणि आळाचा कोटा तिथेच संपतो. तंजावरकडे हे माहीत नव्हतं. तिथे मण्याची कथा ऐकतात. ती त्यांनी ऐकलीच होती, पण दुहेरी बंदोबस्त केलेला बरा म्हणून त्यांनी गच्चीतून, समोरच्या कनका मामींच्या धुण्याच्या जागेवरच्या पत्र्यावर एक खडा टाकला. मग दुसरा. मग जरा मोठा.

कनका मामी आमच्या असोसिएशनच्या सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झालेल्या, नियमांना पक्क्या. त्या बाहेर आल्या, वर पाहिलं, आणि शिव्या द्यायच्या ऐवजी पाच मिनिटांत वाटीभर सुंडल घेऊन काकांच्या दारात हजर. "राव सार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "कुणीतरी दगड मारतंय. तुमच्या काचेच्या टाक्या सांभाळा हो." काकांनी ते हरभरे खाली मान घालून खाल्ले. एवढ्या चांगल्या शेजाऱ्याकडून शिव्या मिळवणं हे आपल्या हातचं काम नाही, हे त्यांनी मान्य केलं.

या वेळी आईबापांनी अंडी खाल्ली नाहीत. तिसऱ्या दिवशी ती फुटली, आणि शुक्रवारी संध्याकाळी काकांनी मला हाताला धरून खोलीत नेलं. टाचणीच्या डोक्याएवढी शंभरेक पिल्लं आईच्या दोन्ही अंगांना चिकटून टोचे मारत होती. थोड्या वेळाने आईने अंग झटकलं, बाप जवळ सरकला, आणि सगळी वरात त्याच्या अंगावर गेली. मी आजवर मासा पाहिला तो बहुतेक ताटात. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा स्वतःची थोडी लाज वाटली.

आता पुढचे दोन आठवडे रोज वीस लिटर मऊ, ताजं पाणी. एक दिवस चुकला तर पिल्लं मरणार. आणि नेमका सोमवारी ऑफिसातला एसी बंद पडला. दुरुस्तीचा माणूस येणार होता, पण कधी ते कुणालाच माहीत नव्हतं.

"चंद्र," काका एवढंच म्हणाले.

पिंपात चार दिवसांचं पाणी होतं. पाचव्या दिवशी एक तर पिल्लं जाणार होती, नाही तर घरचं पाणी घेऊन खोली जाणार होती. काकूंना विचारावं, असं मी सुचवलं. "सही जाहलेली आहे," ते म्हणाले. त्यांना सहीपुढे काही सुचायचं नाही.

चार दिवस संपले. पाचव्या दिवशी पिंपात पाणी होतंच. सहाव्या दिवशीही. काकांनी फूटपट्टी घालून पाहिलं. सकाळी चार इंच, संध्याकाळी सहा.

"तूं घालतेस?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले, आणि या वेळी खरं बोलले. काकूंना विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. चाळीस वर्षं रेघा ओढणाऱ्या माणसाने माझ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आपलं माप चुकत असेल असं कबूल केलं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

तेवढ्यात फोटोंचा रोलही धुऊन आला. चारांतल्या तीन फोटोंत नुसतं आकाश, चौथ्याच्या कोपऱ्यात कोरीचं एक टोक, नखाएवढं. काकूंनी ते पाकीट घरात येऊ दिलं नाही. ते माझ्या खोलीत राहिलं.

रविवारी सकाळी दहा वाजता कनका मामींनी जिन्याखाली, मोटरच्या शेजारी, मीटिंग बोलावली. सहाही बिऱ्हाडं जमली. लॉरी येऊनही संपमधलं पाणी आठवडाभर कमी भरत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या उपेंद्रने दुपारी सुट्टीवर असताना संपपासून एका दारापर्यंत ओल्या पावलांचा माग पाहिला होता. ते दार काकांचं. आणि या महिन्याची किल्लीही काकांकडे.

"मी तुमच्यावर आरोप करत नाही, राव सार," मामी म्हणाल्या. "पण तुमच्याकडे अकरा टाक्या आहेत."

काका उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. "मी घेतलं नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. इथे थांबायला हवं होतं, पण प्रामाणिक माणसाला थांबता येत नाही. "मात्र माझ्या पिंपातलं पाणी रोज दोन इंच वाढतं. कसं ते मला कळत नाही."

मामींनी चष्मा काढून पुसला. "सार," त्या हळूच म्हणाल्या, "यालाच कबुली म्हणतात."

चवथीचा आळ आला होता, आणि तो त्यांच्या एकट्यावर नाही, खोलीवर आला होता. "ठीक," ते म्हणाले, "आजच खोली मोडतो. टाक्या कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. फक्त पिल्लांना एक आठवडा..." मला रडू आलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, असेंब्ली लाइनवर साठ पुरुषांना ओरडणारी बाई, माशांसाठी जिन्याखाली रडत होते.

"पो," काकूंचा आवाज आला. पो म्हणजे चल, काहीतरीच. त्या पायरीवर बसल्या होत्या, तिथूनच तमिळमध्ये बोलल्या. "पाणी मी घेतलं. रोज दुपारी दीड वाजता, तुम्ही सगळे जेवून झोपल्यावर. दोन कुडम. आमच्या आठांपैकी नव्हे, वरचे. आमच्या आठांत यांची आंघोळ आणि स्वयंपाक भागत नाही, मासे कसे भागतील? चोरीच ती. यांना ठाऊक नाही. यांना काहीच ठाऊक नसतं."

काका त्यांच्याकडे वळले. "पण तुला तर तीं आवडत नाहींत," ते मराठीत म्हणाले, सगळ्यांसमोर.

"कोण म्हणून सांगितलें?"

"तूंच."

"सांगूं नको तर काय करूं?" काकूंचा आवाज चढला. "उदया गेला. तुमी सातला जातांत, सातला येतांत. दिवसभर ह्या घरांत माझ्याकडं कोण येतें? दार उघडलें कीं हीं काचेपाशीं येतात. सगळीं. एक वर्ष जाहलें, मी दुपारीं तेथें बादली पालथी घालून बसतें. तुमी घरीं आलांत कीं उठतें. तुमचीं पिल्लें म्हणून नाहीं पाणी घातलें. माझींही आहेत."

तमिळ मंडळींना शब्द कळले नाहीत, पण कुणी विचारलंही नाही. कनका मामींनी पिल्लं पाहायची इच्छा व्यक्त केली. आम्ही सगळे खोलीत शिरलो. बाप मासा पाठीवर शंभर पिल्लं घेऊन मध्ये तरंगत होता. मामी बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि निकाल दिला: किल्ली परत, आणि चोरलेलं पाणी त्यांच्या वाट्यातून वळतं करायचं. नियम म्हणजे नियम. त्यामुळे पुढचा पंधरवडा काका-काकूंनी तांब्याभर पाण्यात अंग पुसून काढला.

पिल्लांसाठी पाणी मी आणलं. आमच्या कारखान्याच्या एसीखाली जमिनीवर पाण्याचं डबकं व्हायचं, ते मी दीड वर्ष ओलांडून जात होते आणि एकदाही मला काही सुचलं नव्हतं. दोन कॅन घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढायला लागले. आठवड्यात मलाही नाव पडलं. साठ-सत्तर पिल्लं जगली.

आळ फिटला का, यावर काकांनी पुष्कळ विचार केला. चोरी खरी होती, पण आळ खोटा होता, म्हणजे चंद्राने आपलं काम चोख केलं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

मीटिंगच्या रविवारीच संध्याकाळी मी खाली गेले तर मासेखोलीतून करवतीचा आवाज येत होता. खिडकीजवळची चार फुटी टाकी त्यांनी रिकामी केली होती. तिच्यातले मासे उपेंद्रकडे गेले होते, आणि काका मांडणीचे अँगल कापत होते. काकू दारात उभ्या राहून ओरडत होत्या, की माझ्यासाठी माशांना घराबाहेर कशाला काढतांत, बादली बरी होती की.

कापून झाल्यावर त्यांनी हॉलमधली वेताची खुर्ची आणून त्या जागेत ठेवली. मग पुन्हा बाहेर गेले आणि दुसरी आणली.

"ही कोणासाठीं?" काकूंनी विचारलं.

"पुढल्या वर्षीं रिटायर होतों," काका म्हणाले. "मग दुपारीं मी कोठें बसूं?"

काकू आत आल्या. त्यांनी दोन्ही खुर्च्या पाहिल्या, खिडकी पाहिली, डिस्कसची टाकी पाहिली, आणि एक खुर्ची उचलून पलीकडे ठेवली.

"ह्या बाजूला बसा," त्या म्हणाल्या. "तिकडनं उजेड येतो. आड आलांत तर त्यांना मी दिसणार नाहीं."